उशीताईची दोन मुलं

गाद्या-उशांच्या त्या दुकानात डाव्या हाताला, पडद्यांच्या ठाणांमागे एक छोटं काउंटर होतं. तिथे एखादी पोट पुढे आलेली बाई वळली, की दुकानातले तिन्ही सेल्समन एकाएकी कामसू व्हायचे. एक जण चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालायचा, दुसरा शिडीवर चढायचा, आणि तिसरा बंद फोन कानाला लावून "हो साहेब, हो साहेब" करायचा. गरोदर बाईला उशी दाखवायची तर विचारायचं काय, आणि तिने उत्तर दिलंच तर बघायचं कुठे, हे त्या बाप्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मग शिडीवरूनच हाक यायची, "उशीताई, तुमचं गिऱ्हाईक!"

उशीताईला खरं नाव होतं, पण ते हजेरीपत्रकात पडून असायचं. बाई चव्वेचाळिशीची, ठेंगणी, अंगाने भरलेली. चाल बदकाची आणि जीभ कात्रीची. कामातलं मात्र तिला इतकं कळायचं, की तिच्याशी भांडलेल्या माणसानेही ते नाकारलं नसतं. काउंटरमागे प्लायवूडचा आडोसा, आडोशामागे एक पलंग आणि एक हातांची खुर्ची, एवढीच तिची प्रयोगशाळा. बाई आली की आधी तिला पाणी द्यायचं, मग पलंगावर डाव्या कुशीला झोपवायचं. लांब उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये, तिचं टोक थेट घोट्यापर्यंत. पाचरीसारखी लहान उशी पोटाखाली. "आता कंबर सैल सोडा. सोडा म्हणजे सोडा, इथे परीक्षक बसलेला नाही." उशीच्या पोटात काय आहे, ते ती कव्हर न उघडता नुसत्या मुठीत धरून सांगायची. कुठला फोम सहा महिन्यांत चपटा होईल, कुठली दाण्यांची उशी कूस बदलताना कुरकुरेल, कुठल्या कव्हराची चेन तिसऱ्या धुण्याला दात सोडेल, सगळं तोंडपाठ.

घरी ती आणि नवरा, अशी दोनच माणसं. नवरा घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायचा. मूल झालं नव्हतं. आधी दवाखाने झाले, रडणं झालं, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांचे सल्ले झाले. मग एका रविवारी दोघांनी मिळून ती जाड फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली, आणि चहा करून प्यायले. त्यानंतर त्यांचं बरं चाललं होतं. तेव्हा उगाच हळहळू नका. गोष्ट ती नाही. गोष्ट अशी, की घरी मूल नसलेल्या या बाईला दुकानात दोन मुलगे होते.

पहिला झाला सात वर्षांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास. एक घाबरीघुबरी मुलगी दोन हातांत दोन उशा धरून अर्धा तास उभी होती. ही घेऊ की ती, ती घेऊ की ही. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, तुम्ही कुठली वापरली होती हो?"

उशीताईने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे 'मला मूल नाही' म्हणायचं. त्यावर ती पोरगी "अय्या, सॉरी" म्हणणार, तिचा चेहरा पडणार, आणि मग उलट उशीताईनेच तिची समजूत घालत बसायची. हा खेळ तिने इतक्या वेळा खेळला होता, की त्याचा तिला वीट आला होता. त्यापेक्षा एका उशीकडे बोट दाखवणं सोपं. "ही. थोरल्याच्या वेळी."

मुलीचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. उशी तिला चांगलीच होती, त्यात काही खोट नव्हती. ती बगलेत मारून पोरगी गेली, आणि उशीताईला हलकं वाटलं.

आता 'थोरला' म्हटलं की धाकटा आलाच. तो तीन महिन्यांनी झाला. तोही दुपारचाच.

मग पोरं वाढू लागली. थोरला शांत, पण एकाच बाजूला प्यायचा. धाकटा वांड, दात यायच्या आधीच हिरड्यांनी चावायचा. थोरल्याच्या वेळी उशीताईच्या कमरेत लचक भरली होती, धाकट्याच्या वेळी पाय सुजले होते. हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं, बरं का. दुसऱ्या खेपेला आलेल्या बाया आपली रडगाणी तिला सांगायच्या, आणि उशीताई एकीचं दुसरीला देताना फक्त आई बदलायची. सल्ला खरा असायचा. माल अस्सल, शिक्का तेवढा खोटा.

दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गल्ल्यावरचे काका तर एकदा तिला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण पोराकडे लक्ष द्या जरा."

"कुठल्या पोराकडे?"

"थोरल्याकडे. तीन वर्षं झाली, चौथीतच आहे तो. नापास होतोय की काय?"

त्या दिवसापासून उशीताई दर उन्हाळ्यात दोघांना आठवणीने वरच्या वर्गात घालू लागली.

नवराही सामील होता. संध्याकाळी बूट काढता काढता विचारायचा, "काय म्हणतात चिरंजीव? आज काय दिवे लावले?" एकदा दोघं भाजी घेत असताना एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. बाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मुलांना नाही आणलंत?" नवऱ्याने हातातला दुधी खालीवर करून पाहिला आणि पापणी न हलवता सांगितलं, "क्लासला गेलेत." रस्ताभर दोघं हसत आले. पण घरी पिशवी ओट्यावर ठेवताना तो म्हणाला, "मजा आली. पण परत नको हं. जीभ जड झाली माझी."

उशीताई त्याला "बरं" म्हणाली. खाई त्याला खवखवे, म्हणतात ना. तिला तेव्हापासून खवखवायला लागलं होतं. एखादी बाई जाताना "मुलांना आशीर्वाद सांगा" म्हणाली, की तिच्या हातून उशीची घडी चुकायची. आणि उशीची घडी घालायची नसते, हे तिला नंतर आठवायचं. 'पुढच्या बाईला खरं सांगायचं' असं ती रोज सकाळी बसमध्ये ठरवायची. पण पुढची बाई नेहमी इतकी घाबरलेली असायची, की उशीताई म्हणायची, हिला नको, हिच्या पुढच्या बाईला.

अशात भूगोलाच्या बाई आल्या.

त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आठवा महिना, आणि उंची अशी, की सेल्समनच्या शिडीची गरज नाही. हातात वही होती आणि वहीत प्रश्न लिहून आणले होते. उशीताईला असं गिऱ्हाईक आवडायचं. झोपायची लांब उशी, धाकट्याच्या चावण्यासकट आणि सुजलेल्या पायांसकट, पंधरा मिनिटांत ठरली. डाव्या कुशीवर टेकल्या टेकल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझे गुडघे एकमेकांशी भांडत नाहीयेत." दोघी हसल्या.

मग बाळाला पाजायची उशी. घोड्याच्या नालासारखी, कमरेभोवती बसणारी. बाई खुर्चीत टेकून बसल्या, उशीताईने उशी अडकवली, आणि तिच्यावर दुकानातला कापडी बाहुला ठेवला. बाहुला बाईंच्या पोटाच्या वरच्या टोकाला राहिला. छाती वीतभर वर.

"जरा बुटकी नाही वाटत?" बाई म्हणाल्या. "मला वाकावं लागतंय."

उंच आणि घट्ट भरलेली उशी दुकानात असायची. पण त्या आठवड्यात ती संपली होती, आणि यायला दहा-बारा दिवस लागणार होते. हे सांगायचं, बाईंचा फोन नंबर घ्यायचा, पुन्हा बोलवायचं. पाच वाजत आले होते. उशीताईच्या टाचा सकाळपासून ठणकत होत्या. आणि तिच्या जिभेला सात वर्षांची सवय होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"सुरुवातीला मलाही तस्संच वाटलं होतं," ती म्हणाली. "थोरल्याच्या वेळी हीच होती माझी. आठवड्यात सवय होते बघा. नंतर तर मला हिच्याशिवाय सुचायचं नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'सवय होते' असंच. आणि उशी घेऊन गेल्या.

उशीताईला त्या रात्री झोप छान लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

अडीच महिन्यांनी, दुकान नुकतं उघडलेलं असताना, भूगोलाच्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची आई होती. आईच्या कुशीत कापडात गुंडाळलेलं बाळ, आणि बाईंच्या हातात ती उशी. पिशवीत घातलेली, धुतलेली, वरून कव्हराला इस्त्रीसुद्धा केलेली. बाई चालत होत्या त्या मात्र एका खांद्याने. दुसरा खांदा कानाजवळ चिकटल्यासारखा. डोळ्यांखाली काळं.

"या, या!" उशीताई नेहमीच्या उत्साहाने पुढे झाली. "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," आईनेच उत्तर दिलं. "दीड महिन्याची. गुणाची आहे. आमचीच मुलगी ऐकत नाही."

बाईंनी उशी काउंटरवर ठेवली. "ही परत द्यायला आलेय."

गल्ल्यावरून काका तत्परतेने म्हणाले, "वापरलेली उशी परत घेत नाही हं आपण."

"मला पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "चांगली उशी आहे, ताईंनी स्वतः वापरलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. मला जमलं नाही."

"काय जमलं नाही?" उशीताईने विचारलं. मनात पाल चुकचुकली होती.

"पाजणं. आठवड्यात सवय होते म्हणाला होतात ना? मी आठवडा वाट पाहिली. मग म्हटलं, मी हळू शिकणारी असेन, अजून एक. आज सहा झाले. वाकून वाकून पाठ गेली, मान वळत नाही, आणि..." त्यांनी आईकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "जखमा झाल्यात. तिला जवळ घ्यायची वेळ झाली की मला रडू येतं. आजपासून डबा आणायचा ठरवलाय."

"मग आणायचा की डबा," उशीताई म्हणाली. "डब्याच्या दुधावर वाढलेली पोरं काय कमी धडधाकट असतात?"

"तेच मीही म्हणते," आई म्हणाली. "हिला मी डब्यावरच वाढवली, आणि बघा, ताडाएवढी झाली! पण हिचं रडणं डब्याचं नाहीच मुळी."

"नाहीच आहे," बाई म्हणाल्या. मान वळवता येत नव्हती म्हणून त्या सगळ्या अंगानेच आईकडे वळल्या, मग परत उशीताईकडे. "यांना एकदा नाही, दोनदा जमलं. नोकरी करून. तो धाकटा चावायचा तरी जमलं. उशी तीच, खुर्ची तशीच, सगळं यांनी सांगितलं तसंच. मग उरलं काय? मीच उरले ना. माझ्यातच काहीतरी कमी आहे. काही बायांना आई होणं येत नाही, त्यातली मी."

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आयुष्यात हे वाक्य उशीताईने दुसऱ्यांच्या तोंडून स्वतःबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. लग्नाघरी, दवाखान्याच्या बाकावर, स्वयंपाकघराच्या दाराआडून. त्याचा दंश कुठे बसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि आज तेच वाक्य एका धडधाकट, दूध असलेल्या, पदरी पोर असलेल्या बाईच्या तोंडात कुणी घातलं होतं? तिने. स्वतःच्या हाताने. टाचा दुखत होत्या म्हणून.

तिने काउंटरची कड धरली. गप्प बसायचं, तर वाट मोकळी होती. उंच उशी आता दुकानात आली होती. "अहो, तुम्हाला वेगळी लागेल, ही घ्या" एवढं म्हटलं, की बाईंची पाठ सुटली असती आणि उशीताईचे दोन्ही मुलगेही वाचले असते. तिने ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. पण बाईंची पाठ सुटली तरी मनातलं ते 'मीच कमी' सुटणार नव्हतं. त्याला आधार या दोन पोरांचा होता.

"जरा आत या," ती म्हणाली. "आई, तुम्हीही या."

आडोशामागे बाईंना खुर्चीत बसवलं, आईला पलंगावर. उशीताई उभीच राहिली.

"मला मुलं नाहीत," ती म्हणाली.

दोघींना कळलं नाही. आई म्हणाली, "अगं बाई! कधी? काय झालं त्यांना?"

"काही झालं नाही हो. झालीच नाहीत ती. थोरला नाही, धाकटा नाही. मला मूलच झालं नाही. सात वर्षं मी खोटं सांगतेय, गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून. म्हणजे, आधी धीर यावा म्हणून. नंतर सवय लागली. ही उशी मी कधी वापरलेली नाही. ती तुम्हाला बुटकी आहे, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही म्हणालातसुद्धा. तुमचं बरोबर होतं, आणि मी तुम्हाला गप्प केलं."

आडोशापलीकडे चादरी झटकल्याचा आवाज थांबला होता. तिन्ही सेल्समन आणि काका, चौघांचे कान प्लायवूडला चिकटले असणार, यात शंका नाही.

भूगोलाच्या बाई हळू, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाल्या, "म्हणजे दीड महिना मी तुमच्या मुलांशी स्पर्धा करत होते?"

"हो."

"जी नाहीतच, त्यांच्याशी?"

"हो."

"आणि हरत होते!"

उशीताईला वाटलं, आता शिव्या बसतील. बसायलाच हव्या होत्या, तिला त्या हव्याच होत्या. पण उठून उभी राहिली ती आई. "शोभतं का हो हे? पोर माझी पहाटे उठून भिंतीला डोकं टेकून बसायची. मी म्हणायची, अगं, नसेल जमत तर सोड. तर म्हणायची, त्या दुकानातल्या ताईंना जमलं, मला का नाही? तुमचा फोटो लावायचा बाकी होता घरात! आणि तुम्ही?"

"चुकलं माझं," उशीताई म्हणाली. यापेक्षा मोठं वाक्य तिला सापडेना.

बाळाने त्याच वेळी गळा काढला. मोठ्यांच्या भानगडी त्याला काय माहीत? त्याला भूक लागली होती.

आई म्हणाली, "चल, घरी जाऊ." बाईंनी हात पुढे केला. "नको. दे इकडे." मग उशीताईकडे न बघता म्हणाल्या, "ही बुटकी, तर उंच उशी असेलच ना? आणा."

उशीताई धावली. उंच उशी आणली, आणि या वेळी सात वर्षांत पहिल्यांदा तिने टेपही आणली. बाईंना पाठ टेकून नीट बसवलं, कमरेमागे एक लहान उशी खोचली, पायांखाली मालाचं खोकं सरकवलं. मांडीपासून छातीपर्यंतचं अंतर मोजलं, मग उशीची उंची मोजली. तरी दोन बोटं कमी पडत होती. तेव्हा एक चादर चौघडी करून उशीखाली घातली. उशी कमरेला घट्ट बसवली, मध्ये फट ठेवली नाही.

"आता तुम्ही वाकायचं नाही," ती म्हणाली. "मान सरळ. बाळाला छातीशी आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. पोटाला पोट लागू दे तिचं. हं. हे मी केलेलं नाही, बायांनी सांगितलेलं आहे. एका परिचारिकेने पक्कं केलेलं आहे. जखमांसाठी मात्र आज डॉक्टरांना दाखवा, मला त्यातलं कळत नाही. आणि ती उशीवर झोपली तर तशीच ठेवून उठायचं नाही, उचलायची. हेही ऐकीवच. पण पक्कं."

"किती बोलता हो," बाई म्हणाल्या. त्यात राग होता. पण खांदा कानापासून जरासा खाली आला होता.

पहिल्या घोटाला त्यांनी ओठ चावला. मग बाळाचं गळा काढणं थांबलं आणि आडोशामागे फक्त एक बारीक, समाधानी आवाज राहिला. बाई डोळे मिटून बसल्या. दुखत होतं, ते दिसत होतं. पण त्या वाकलेल्या नव्हत्या.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "ते धाकट्याचं चावणं? ते कुणाचं होतं?"

"तुमच्याआधी एक बाई आल्या होत्या. शिंपीकाम करणाऱ्या. त्यांच्या मुलीचं."

"आणि पाय सुजायचे ते?"

"बँकेतल्या एकीचे."

"तेच सांगायचंत ना मग," बाई म्हणाल्या. "शिंपीणबाईंना असं झालं, बँकेतल्या बाईंना तसं झालं. मला वाटलं असतं, चला, पाच-सहा जणी रडल्यात, मीही रडते. तुमच्या एकटीचं सगळं छान झालं, त्याने मेले मी."

उशीताईला ते सात वर्षांत सुचलं नव्हतं, आणि किती साधं होतं!

जाताना बाईंनी उंच उशी घेतली. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत, आणि उशीताईनेही विचारलं नाही. आईने बुटकी उशी काउंटरवरच ढकलून ठेवली. काका पुन्हा कुरकुरले, "वापरलेली परत घेता येत नाही, ताई. मालकांना काय सांगू?"

"वापरलेली नाही म्हणावं," उशीताई म्हणाली. "सोसलेली आहे."

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडला, झाकला, परत उघडला. आणि मग तिच्या मनात आलं: या एकच बाई थोड्याच होत्या? उंच उशी संपली होती, ती काही पहिल्यांदा नाही. आणि 'मलाही तसंच वाटलं होतं' हे वाक्य ती काही पहिल्यांदा बोलली नव्हती. किती जणी असतील? त्यांतल्या किती जणी परत यायच्या ऐवजी घरातच भिंतीला डोकं टेकून बसल्या असतील?

घरपोच माल पाठवायची वही दुकानात होती. पत्ते, फोन नंबर, कुठली उशी, सगळं. तिने गेल्या दोन वर्षांची पानं चाळली. बुटक्या उशा सव्वीस. तिने काकांचा फोन मागून घेतला, जिन्याखालच्या स्टुलावर बसली, आणि पहिला नंबर लावला.

"नमस्कार, मी गादीच्या दुकानातून बोलतेय. तुम्ही घेतलेली पाजायची उशी... हो, तीच. तुमची उंची किती आहे हो?"

पलीकडून संशयाने विचारणा झाली, की हे काय विकताय. विकत काही नाही, असं तिने तीनदा सांगितलं. मग पोरांचं सांगितलं. तेव्हा "आमचं मूल आता धावतं" म्हणून फोन ठेवला गेला. दुसरीने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत, हे मला आज कळायला नको होतं. माझं सोडलं मी तिसऱ्या आठवड्यात." तिने आवाज चढवला नाही. तो फोन उशीताईला सगळ्यांत जड गेला. त्यानंतर तिला पाच मिनिटं नंबर दिसेनात.

तिसऱ्या घरी उशी सासऱ्यांनी बळकावली होती, ते दुपारी ती मानेत अडकवून बातम्या बघायचे आणि द्यायला तयार नव्हते. चौथीला उशी बरोबर बसली होती, ती बाई उशीताईएवढीच ठेंगणी होती.

पाचवी म्हणाली, "मुलं नाहीत ना? मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?" उशीताईने विचारलं.

"तुम्ही सांगत होतात ना, थोरला रात्री एकदाच उठायचा म्हणून. मला दोन होते आधीचे. म्हटलं, ही बाई एक तर थापा मारतेय, नाहीतर त्या पोराला काहीतरी झालंय."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? मला काय फरक पडत होता? मी माझी उशी दाबून बघितली आणि घेतली. पण माझ्या बहिणीला तुमच्याकडे पाठवलं होतं. पहिलंच होतं तिचं. तिने तुमचं सगळं खरं मानलं. तिला फोन करा. नंबर देते, लिहून घ्या."

उशीताईने नंबर लिहून घेतला. तो वहीत नव्हता. म्हणजे सव्वीस नव्हत्या. जास्त होत्या.

काका जिन्यावरून डोकावले. "ताई, सुट्टी संपली. काउंटरवर बाई आलीये."

"आले," ती म्हणाली. "एवढा एक लावते." आणि तिने बहिणीचा नंबर लावला.